कागद चावडीवर वाचा

काही वर्षांपूर्वी सातबाराचं संगणकीकरण चालू असताना गावोगावी चावडीवाचनाची मोहीम निघाली होती. आमच्या गावातही तलाठी भाऊसाहेबांनी चावडीपुढे सतरंजी अंथरली आणि एकेक गट मोठ्यानं वाचायला घेतला. क्षेत्र, आकार, कब्जेदाराचं नाव, इतर हक्क. एका गटापाशी मागं बसलेल्या एक आजी उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, आमच्या मालकांचं नाव का नाही आलं?"

जुने फेरफार काढले तेव्हा उलगडा झाला. चाळीसएक वर्षांपूर्वी थोरल्या दिरांचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून लागलं होतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ते वारल्यावर वारस म्हणून फक्त त्यांच्या मुलांची नावं चढली आणि धाकट्याचं घर कागदावरून निघून गेलं. घरात भांडण नव्हतं, कुणी कुणाला फसवलंही नव्हतं. मधल्या काळात तो उतारा सोसायटीच्या कर्जाला, विहिरीच्या अनुदानाला, वीजजोडणीला कितीदा तरी काढला गेला होता. दर वेळी तो घडी घालून पुढच्या टेबलावर दिला गेला. मोठ्यानं वाचला गेला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. इंग्रजी अमदानीनं आपल्याला लेखी कायदा आणि लेखी नोंद दिली. ती नोंद वाचायची, तपासायची आणि तिच्यावर हरकत घ्यायची ताकद मात्र रयतेच्या हाती दिली नाही. स्वातंत्र्यानंतर आपण कायद्यांचे हेतू बदलले, अधिकाऱ्यांची नावं बदलली. पण ही उणीव पुरती भरून काढली नाही. ती कशी निर्माण झाली आणि आज काय केलं पाहिजे, हे खालच्या मुद्द्यांत मांडतो.

१. सुधारणा खरी होती, हे आधी मान्य करू

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. त्याच्या १८१९ च्या अहवालात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, पंचायत या सगळ्या गावगाड्याची बारकाईनं नोंद आहे. जुनी घडी एकदम मोडू नये, असा त्याचा कल होता. मोडावंसं मात्र बरंच काही होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते दिले जात. मक्तेदारानं भरलेली रक्कम आणि वर त्याचा नफा, दोन्ही कुणब्याच्या खळ्यातून निघत. त्याऐवजी पगारी मामलेदारानं वसुली करणं हा रयतेला खरा दिलासा होता.

पुढे मुंबईचा गव्हर्नर असताना एल्फिन्स्टननं १८२७ मध्ये २७ रेग्युलेशनांची संहिता लागू केली. तिच्यातल्या चौथ्या रेग्युलेशननं दिवाणी न्यायाधीशानं निवाडा कशाच्या आधारे द्यायचा याचा क्रम ठरवून दिला. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. त्यांत काही नसेल तर मुलखाचा रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. आणि कशातच काही नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. या क्रमात पोथीच्या आधी लोकांचा रिवाज येतो. मुंबई इलाख्याच्या कायद्याचं हे मोठं वैशिष्ट्य होतं.

१८६० ची दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिनं चोरीला चोरीची आणि खुनाला खुनाची शिक्षा सांगितली. गुन्हेगाराची जात विचारली नाही. खटल्याच्या कार्यपद्धतीत गोऱ्यांना वेगळी वागणूक मिळत राहिली, हा डाग तिच्या सोबतीला होताच. तरीही जातीप्रमाणे दंड ठरण्याची सवय असलेल्या समाजात, छापलेल्या पानावर सगळ्यांना एकच कलम लागू होणं ही लहान गोष्ट नव्हती.

२. शेत मोजलं गेलं, शेतकऱ्याला विचारलं गेलं नाही

लेखी कारभार किती घातक ठरू शकतो, हे इंदापूर तालुक्यानं पहिल्यांदा पाहिलं. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्यानं १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्याची पाहणी केली. शेताच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता जे निव्वळ उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे, असं त्याचं सूत्र होतं. सूत्र नेटकं होतं. पण बैल, बियाणं, औत, मजुरी, पडलेलं वर्ष, या सगळ्याचा हिशेब प्रत्येक शेतासाठी कसा लावायचा? खालच्या कारकुनांनी भरलेले आकडे वर गेले, वरून दर ठरून खाली आले. १८३० मध्ये ही आकारणी लागू झाल्यावर ती इतकी जड पडली की जमिनी पडीक पडल्या आणि माणसं गावं सोडून गेली.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरातच नव्यानं सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचं गणित त्यांनी सोडून दिलं. मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरवली. आधीच्या वर्षांची वसुली, पाऊसमान आणि बाजाराचं अंतर पाहून दर बसवले आणि ते ३० वर्षं कायम ठेवले. १८४७ च्या संयुक्त अहवालानं ही पद्धत पक्की झाली आणि इलाखाभर पसरली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आज प्लॉट घेणारा माणूस १०८९ चौरस फुटांचा गुंठा म्हणतो, तेव्हा तो त्याच साखळीनं बोलत असतो.

दुसरी पद्धत टिकली, कारण तिनं रयतेला काय पेलतं हे पाहिलं. तरी एक गोष्ट दोन्ही पद्धतींत सारखीच राहिली. शेत मोजणारा, प्रत ठरवणारा आणि वहीत लिहिणारा सरकारी माणूस होता. ज्याचं शेत होतं तो बांधावर उभा राहून पाहत होता.

३. कागदामुळे जमीन तारण ठेवता येऊ लागली

नव्या व्यवस्थेत खातेदाराला जमीन विकता, गहाण टाकता किंवा राजीनामा देऊन सोडता येऊ लागली. हा हक्क होता, आणि कर्जाच्या दारात नेणारी वाटही होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, साहूकारानं हात सैल केला. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून नव्या आकारणीत सारा वाढला.

यात कायद्यानं आणखी एक गाठ मारली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जरोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली. जुनी कर्जं उकरून काढून ऋणकोला छळता येऊ नये, असा हेतू त्यामागे होता. साहूकारानं तीन वर्षं भरत आली की नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं, नवा आकडा घालायचा आणि खाली अंगठा घ्यायचा. कोर्टात दावा गेला की समन्सचा अर्थही न कळलेला शेतकरी तारखेला जात नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होत असे. न्यायाधीशाच्या दृष्टीनं सगळं कायदेशीर होतं. रोखा होता, अंगठा होता, मुदत शिल्लक होती.

१८७४ च्या अखेरीला शिरूर तालुक्यातल्या करडे गावात साहूकारावर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी सुप्याला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, लोक साहूकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. जमावानं बहुतेक ठिकाणी आधी रोखे आणि खतावण्या मागितल्या आणि जाळल्या. जिथं कागद निमूटपणे मिळाले, तिथं माणसांना फारशी इजा झाली नाही. आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदानं आपलं घर बुडवलं, हे त्या लोकांना पुरतं कळलं होतं. आपल्याकडच्या प्रत्येक महसूल आणि विधी अधिकाऱ्यानं सुप्याचा तो दिवस ध्यानात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

४. १८७९ चा कायदा हा आपला सर्वांत दुर्लक्षित धडा आहे

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला, मध्ये १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यानं न्यायाधीशाला रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासायला सांगितलं. कर्ज किती घेतलं, किती फेडलं, व्याज कसं वाढत गेलं? कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं त्यानं बंद केलं, हप्ते बांधून द्यायची मुभा दिली, आणि समेट घडवणारे तडजोडकार नेमायची सोय केली.

त्यातली तीन कलमं मला फार मोलाची वाटतात. शेतकऱ्यानं दिलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती त्याला मिळाली पाहिजे. वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे. आणि त्यानं मागितलं तर हिशेब लिहिलेलं पासबुक मिळालं पाहिजे. शिवाय शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, मजकूर त्याला समजावून सांगितला जावा, अशीही तजवीज होती. कायदा करणाऱ्यांना दुखणं सापडलं होतं. कागदाची एक प्रत आणि कागदाचा अर्थ, दोन्ही अडाणी माणसाच्या घरात गेले पाहिजेत.

कायद्यानं काहींना वाचवलं, पण साहूकार नव्या वाटा शोधत राहिला. कर्जरोख्याऐवजी जमिनीचं खरेदीखतच लिहून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं की पैसे फेडलेस की जमीन परत, हा प्रकार वाढला. आजही खासगी सावकारीच्या तक्रारींत हीच युक्ती दिसते. कारण तेव्हा पासबुक मागायचा हक्क कलमात आला, पण ते वाचणारं पोर घरात नव्हतं.

५. लेखणी कुणाच्या हाती, हा प्रश्न जोतीरावांनी विचारला होता

त्या वेळच्या दफ्तरात मोडी लिहिणारा कुलकर्णी, कचेरीतला कारकून, कोर्टातला वकील आणि पेढीवरचा मुनीम हे सगळे शिकलेल्या मोजक्या जातींतले होते. ज्यांच्याबद्दल लिहिलं जाई ते बहुसंख्य लोक अक्षरशत्रू ठेवलेले होते. सरकार बदललं, कायदा बदलला, लेखणी मात्र त्याच घरांत राहिली. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सरकारचा महसूल ज्यांच्या घामातून येतो, त्यांच्याच मुलांच्या शिक्षणावर तो खर्च होत नाही, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. त्याच सुमारास, १८८३ मध्ये, लिहून झालेला 'शेतकऱ्याचा असूड' कचेऱ्यांतून नागवल्या जाणाऱ्या कुणब्याची कैफियत मांडतो. माझ्या मते प्रशासनाच्या सुधारणेवरचं मराठीतलं सर्वांत खोल लेखन हेच आहे.

या प्रश्नाला कारभारातून उत्तर दिलं ते कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि १९१८ मध्ये वंशपरंपरागत कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. दफ्तर एका घराण्याच्या हातून काढायचं आणि त्याच वेळी गावाला अक्षर द्यायचं, या दोन्ही गोष्टी त्यांनी जोडीनं केल्या. मुंबई इलाख्यात परगणे आणि कुलकर्णी वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५० उजाडावं लागलं.

पुण्याच्या सार्वजनिक सभेनंही १८७० मध्ये एक नवी गोष्ट केली होती. सभासद व्हायचं तर निदान पन्नास लोकांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणायचं, असा तिचा नियम होता. सरकारशी बोलायला जाणाऱ्यानं आधी लोकांचा कागद आणावा, ही ती भूमिका. हे दोन्ही प्रवाह आपल्या घरचे आहेत. सुधारणेचं सगळं श्रेय किंवा सगळा दोष परक्या सरकारला देऊन आपण त्यांचा वारसा विसरू नये.

६. वसूल करणारा, लिहिणारा आणि निवाडा देणारा वेगवेगळे हवेत

दख्खनमध्ये नेमलेला पहिला इंग्रज कलेक्टर सारा गोळा करी, दफ्तर सांभाळी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही देई. नव्यानं जिंकलेल्या मुलखात एका हाती सत्ता ठेवणं कंपनी सरकारला सोयीचं होतं. पुढे १८७६ च्या महसूल अधिकारितेच्या कायद्यानं महसुलाच्या बऱ्याच बाबी दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढल्या आणि १८७९ च्या जमीन महसूल संहितेनं सगळा डोलारा एका चौकटीत बसवला. हक्कनोंदणीचा कायदा आला १९०३ मध्ये. १९१३ मध्ये तो संहितेतच सामावला गेला. गाव नमुना सातवर हक्क, बारावर पिकं, सहावर फेरफार ही रचना त्यातूनच उभी राहिली.

१९६६ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःची जमीन महसूल संहिता केली. भाषा आणि हेतू बदलले. पण फेरफार नोंदवणारी यंत्रणा आणि त्यावरचं अपील ऐकणारी यंत्रणा आजही एकच आहे. तलाठी नोंद धरतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि हरकत घेतलेला माणूस प्रांताधिकारी, अपर जिल्हाधिकारी, अपर आयुक्त अशा पायऱ्या चढत मंत्रालयापर्यंत जातो. संहिता म्हणते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे की फेरफारानं मालकी मिळत नाही, तो सारा वसुलीपुरता असतो. दोन्ही विधानं आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांच्या मधे जो अडकतो तो शेतकरी दहा-दहा वर्षं महसुलात लढतो आणि शेवटी त्याला कळतं की खरा दावा दिवाणीत लावायचा होता.

राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदानं न्याय आणि कारभार वेगळे करायला सांगितलं. फौजदारी न्यायात आपण ते केलं. जमिनीच्या वादात ते अर्धवट राहिलं आहे.

७. कागदावर जे आलेच नाहीत, किंवा चुकीच्या रकान्यात आले

इंग्रजी दफ्तरानं ज्यांना 'कब्जेदार' मानलं त्यांचा हक्क पक्का झाला. ज्यांना त्यानं पाहिलं नाही त्यांचा हक्क गळाला.

बाईचं उदाहरण घेऊ. सारा कुणाकडून वसूल करायचा एवढंच पाहणाऱ्या वहीत घरातल्या एका पुरुषाचं नाव पुरेसं होतं. तीच सवय इतकी मुरली की लेकी आणि विधवा अजूनही 'इतर हक्क'च्या रकान्यात सापडतात. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. देशानं ते २००५ मध्ये केलं. कायदा पुढे गेला, रकाना मागे राहिला. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. कागद बदलायला मनही बदलावं लागतं, हे त्या चळवळीनं दाखवलं.

रानातल्या माणसाचं दुखणं वेगळं. १८७८ च्या वनकायद्यानं जंगलाच्या हद्दी आखल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारा माणूस अतिक्रमक ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं हा अन्याय कबूल केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वनखात्याच्या टेबलावरचं पुस्तक गावाच्या पेटीत गेलं. सुधारणा म्हणजे काय, हे मला विचारलं तर मी ते पुस्तक दाखवीन.

सर्वांत क्रूर नोंद होती ती १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. १९११ नंतर त्याचा फास मुंबई इलाख्यातल्या पारधी, कैकाडी आणि अशा कितीतरी जमातींवर आवळला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसांची हजेरी घेतली जाई. सरकारच्या दफ्तरात त्यांच्या नावाची वही होती ती एवढीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांना मुक्त केलं गेलं, म्हणून आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. तरी त्यांच्या कितीतरी पोरांकडे आज शाळेत लागणारा जातीचा दाखला नाही, राहत्या जागेचा उतारा नाही. हजेरीच्या वहीतून सुटलेला माणूस हक्काच्या वहीत अजून शिरलेला नाही.

८. आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप: आता सगळं ऑनलाइन आहे, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. हे खरं आहे आणि स्वागतार्ह आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून आपलं पीक नोंदवू लागला, हे तर मी फार मोठं पाऊल मानतो. गाव नमुना बारा लिहिण्याचा मान पहिल्यांदाच शेतकऱ्याला मिळाला. पण उतारा मिळणं आणि उतारा कळणं यांत अंतर आहे. आमच्या आजींच्या घरातही उतारा होताच.

दुसरा आक्षेप: चारचौघांत वाचलं तर भावकीत भांडणं लागतील. भांडणाचं बी चुकीच्या नोंदीत असतं. ते आज चावडीवर निघालं तर एका अर्जावर मिटेल. वीस वर्षांनी निघालं तर कोर्टात दोन पिढ्या जातील.

तिसरा आक्षेप: हे सगळे इंग्रजांचे कायदे, ते मुळापासून उपटून टाका. मला तसं वाटत नाही. छापील कायदा, मोजलेलं शेत, अपिलाचा हक्क हे टाकून देण्याजोगं नाही. टाकून द्यायचा आहे तो त्यामागचा दृष्टिकोन: रयत म्हणजे सारा देणारी, अंगठा उठवणारी आणि हुकूम ऐकणारी. त्या जागी वाचणारा, विचारणारा नागरिक आला की तेच दफ्तर लोकांचं होईल.

९. म्हणून आमच्या मागण्या

अ) दर वर्षी चावडीवाचन कायद्यानं बंधनकारक करा. सातबारा, आठ-अ आणि वर्षभरातले सगळे फेरफार ग्रामसभेत मोठ्यानं वाचले जावेत. हरकती तिथंच लिहून घ्याव्यात आणि त्याची पोच द्यावी.

आ) वारसनोंद घेताना सगळ्या वारसांना, सासरी गेलेल्या लेकींनाही, नोटीस पोचल्याचा पुरावा असल्याशिवाय फेरफार प्रमाणित करू नये. जुन्या ए.कु.मॅ. नोंदींची गावनिहाय यादी लावून त्या मोहीम म्हणून निकाली काढाव्यात.

इ) फेरफाराच्या आणि वारसाच्या वादांसाठी महसूल खात्याच्या अधिकारसाखळीबाहेरचा निवाडेकरी नेमा. कूळकायद्याच्या प्रकरणांना महसूल न्यायाधिकरण आहे, हा पायंडा आपल्याकडे आहेच.

ई) महसुली आदेश साध्या मराठीत द्यावेत. शेवटी अपील कुठं करायचं, किती दिवसांत करायचं आणि मालकीचा वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागेल, हे ठळक अक्षरांत छापावं.

उ) नववीच्या वर्गात सातबारा, आठ-अ, फेरफार, मालमत्तापत्रक आणि कर्जाचा करार वाचायला शिकवा. पुस्तकात एक धडा घालून थांबू नका; मुलांना स्वतःच्या घरचा उतारा आणायला सांगा.

ऊ) भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर महसूल आणि समाजकल्याण खात्यांनी एकत्र जाऊन दाखले आणि राहत्या जागेची नोंद द्यावी. पुरावा नाही म्हणून परत पाठवू नये. ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं फक्त हजेरी घेतली, त्यांच्याकडे जुने कागद मागणं अन्यायाचं आहे.

१०. सुरुवात कधी करायची

यातल्या काही मागण्यांना कायदा बदलावा लागेल, वेळ लागेल. पण कायद्याची वाट न पाहता चावडीवाचन सुरू करायला आजही काही आडवं येत नाही. दर वर्षी १ ऑगस्टला राज्यात महसूल दिन साजरा होतो. त्या दिवशी प्रत्येक गावात चावडीवाचन करा. ग्रामसभेनं ठराव करावा, तलाठ्यांनी दफ्तर घेऊन बसावं, शाळेतल्या मोठ्या मुलांनी वाचायला मदत करावी. पुण्या-मुंबईला गेलेल्या भावांना आणि सासरी गेलेल्या बहिणींना फोन लावून ऐकवावं.

आमच्या आजींनी चावडीवाचनानंतर अर्ज दिला, पुतण्यांनी संमतीचे जबाब दिले, नोटिसा निघाल्या आणि नोंद दुरुस्त झाली. नवा उतारा आला तेव्हा त्यांनी तो घडी घालून ठेवला नाही. नातीला ओट्यावर बसवलं, आणि "पहिल्यापासून वाच," म्हणाल्या.